साहेलची बाजरी, गुरं आणि खत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साहेल म्हणजे नेमका कोणता भाग? या पानावरची माहिती कुठली आहे?

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, सेनेगलपासून सुदानपर्यंत आडवा पसरलेला कोरडवाहू पट्टा म्हणजे साहेल. इथली बहुतेक उत्तरं नायजर या देशातली आहेत (नायजेरिया हा त्याच्या दक्षिणेचा शेजारी, नावामुळे गल्लत होते). त्यातही राजधानी नियामेच्या पूर्वेचा फाकारा भाग, आणि ताहुआ, मारादी, झिंदर हे जिल्हे. काही माहिती बुर्किना फासोच्या यातेंगा भागातली आहे. वर्षाला साधारण ३०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, तो सगळा जून ते सप्टेंबरात. मुख्य पीक बाजरी, तिच्यात चवळीचं आंतरपीक. शेती करणारे प्रामुख्याने हौसा आणि झार्मा, गुरं राखणारे प्रामुख्याने फुलानी. अर्थात आता शेतकऱ्यांच्या दारात गुरं आहेत आणि फुलानीही बाजरी पेरतात.

पाऊसच इतका कमी, मग संशोधक खताबद्दल एवढं का बोलतात?

कारण बहुतेक वर्षी बाजरी पाण्याअभावी मरण्याआधी उपासमारीने खुंटते. मालीमध्ये डच आणि मालियन शास्त्रज्ञांनी मिळून गवताळ कुरणांचा दीर्घ अभ्यास केला आणि १९८२ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. साधारण ३०० मिलिमीटरपेक्षा कमी पावसाच्या उत्तर भागात गवताची वाढ पाण्यावर अडते; त्याच्या दक्षिणेला ती नत्र आणि स्फुरदावर अडते. साहेलच्या शेतीचा विचार या निष्कर्षाने पार बदलला.

माती हातात घेतली की कारण कळतं. नायजरच्या बाजरीच्या शेतात वाळूचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर, सेंद्रिय कर्ब पाव टक्क्याच्या आसपास, स्फुरद नाममात्र. मूठ आवळून सोडली की ढेकूळ राहत नाही, सगळं बोटांतून गळून जातं. अशा मातीत पाऊस पडला तरी मुळं लहान राहतात आणि खाली मुरलेलं पाणी पिकाच्या कामी येत नाही. खत दिलं की मुळं खोल जातात, आणि त्याच पावसात जास्त धान्य येतं. म्हणून इथे गुरं आणि पीक वेगळे विषय म्हणून अभ्यासले तर दोन्ही अर्धेच समजतात: कुरणातला कस शेतात आणून टाकणारं वाहन म्हणजे गाय, शेळी, मेंढी.

शेतात गुरं बसवतात म्हणजे काय करतात?

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. धनगरांचा वाडा शेतात येतो, मेंढरं चार रात्री बसतात, शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. साहेलमध्ये हीच पद्धत गाईंवर चालते. सुगी संपली की फुलानी कळप गावाकडे येतात. दिवसा रानात आणि मोकळ्या शेतांत चरायचं, रात्री ठरलेल्या शेतात दाव्याने किंवा नुसतं गोळा करून बसायचं. दर काही रात्रींनी जागा सरकवायची.

मोबदला जागोजाग वेगळा असतो: बाजरी, चहा-साखर, रोख रक्कम, विहिरीवर पाणी पाजण्याचा हक्क, किंवा शेतातलं सरमाड चारायची मुभा. पाण्याचा हक्क यात फार वजनदार असतो. एप्रिल-मे महिन्यांत विहीर कोणाच्या हातात आहे त्यावर कळप कोणाच्या शेतात बसणार हे ठरतं.

एका हेक्टरला किती गुरं, किती रात्री?

हिशोब असा मांडा. २५० किलो वजनाची गाय दिवसाला वजनाच्या साधारण एक टक्का, म्हणजे अडीच किलो शेण टाकते (कोरडं वजन). त्यातलं रात्री शेतात पडतं ते एक किलोच्या आसपास. ४० गुरांचा कळप म्हणजे रात्रीला ४० किलो. २० मीटर गुणिले २० मीटरच्या तुकड्यात तो तीन रात्री बसला तर १२० किलो पडलं, म्हणजे हेक्टरी तीन टनांचा दर झाला. हेक्टरात असे २५ तुकडे. एकूण ७५ रात्री.

म्हणजे एक कळप सुगीपासून पावसापर्यंतच्या कोरड्या महिन्यांत दोन-तीन हेक्टरच नीट खतवू शकतो. गावातल्या सगळ्या शेतांना पुरेल एवढं खत गुरांकडे नसतं, ही गोष्ट कोणत्याही योजनेच्या आधी मान्य करावी लागते.

चूक होते ती कळप एकाच जागी दोन-तीन आठवडे ठेवल्याने. गुराख्याला दावी हलवायचा कंटाळा, मालकाला घराजवळचा तुकडा सोयीचा. मग त्या ठिकाणी हेक्टरी पंधरा-वीस टनांचा दर होतो. वाळूत नत्र टिकत नाही, पावसाबरोबर मुळांच्या खाली वाहून जातं. त्या तुकड्यातली बाजरी सुरुवातीला काळीभोर वाढते आणि मध्येच पावसाने ओढ दिली की सगळ्यात आधी तीच करपते, कारण मोठ्या पानांना पाणी जास्त लागतं. तीन रात्री झाल्या की खुंटी उपटायची आणि जागा बदलायची.

शेण गोळा करून गाडीने टाकलं तर तेच काम होत नाही का?

नाही. मूत्र राहून जातं. नायजरमधल्या सादोरे इथल्या इक्रिसॅटच्या (कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था) केंद्रावर झालेल्या प्रयोगांत नुसत्या शेणापेक्षा शेण-मूत्र दोन्ही पडलेल्या वाफ्यांत बाजरी स्पष्टपणे जास्त आली. मूत्राने आम्लधर्मी वाळूचा सामू थोडा वर सरकतो आणि अडकलेला स्फुरद पिकाला मिळू लागतो. मूत्रातलं बरंच नत्र अमोनिया होऊन उडतंही, म्हणून कळप पेरणीच्या जितक्या जवळच्या महिन्यांत बसेल तितकं बरं.

दाराशी बांधलेल्या शेळ्यांचं आणि घरच्या बैलांचं खत मात्र वाहूनच न्यावं लागतं. ते डोक्यावर आणि गाढवगाडीवर जातं, त्यामुळे घराजवळची शेतं कसदार आणि लांबची भुकेली राहतात. गावाभोवती चालत गेलं तर बाजरीची उंची पावलागणिक उतरताना दिसते.

सरमाड शेतात ठेवावं की गुरांना द्यावं?

दोन्ही हवंय, आणि तेवढं नसतं. मे-जूनमध्ये पावसाआधी वाळूची वादळं येतात. उडती वाळू कोवळ्या रोपांना कापते, गाडते; मग दुबार, कधी तिबार पेरणी. हेक्टरी दोन टन सरमाड जमिनीवर आडवं राहिलं तर वाळू बरीच अडते, पण सुगीनंतर तेवढं असूनही उन्हाळा संपेपर्यंत उरतं फार थोडं: गुरं खातात, वाळवी खाते, घराचं छप्पर आणि कुंपण त्याचंच, चुलीलाही तेच.

व्यवहार्य मार्ग असा: पानं आणि वरचे कोवळे शेंडे गुरांना, खालची जाड धाटं जमिनीवर. गुरं तशीही पानंच आधी खातात. शेतातल्या ज्या जागा कडक, उघड्या पडल्या आहेत तिथे धाटं नेऊन टाकावीत. त्यांत उडती माती अडकते, वाळवी येऊन भोकं पाडते, आणि दोन-तीन वर्षांत तो डाग पुन्हा पेरण्याजोगा होतो. सगळ्या शेतावर पातळ पसरण्यापेक्षा हे जास्त फायद्याचं आहे.

झई खड्डे कसे करतात?

झई हा यातेंगातल्या मोसी लोकांचा शब्द; नायजरच्या हौसा भागात त्यांना तास्सा म्हणतात. पद्धत जुनी आहे. १९७०-८०च्या दुष्काळांनंतर याकूबा सावादोगो आणि त्यांच्यासारख्या शेतकऱ्यांनी खड्डे मोठे केले आणि त्यांत शेणखत भरायला सुरुवात केली. १९८९ मध्ये ताहुआतल्या इलेला भागातले शेतकरी यातेंगाला जाऊन हे बघून आले आणि परतल्यावर त्यांनी आपल्या टणक माळावर ते करून पाहिलं. तिथून ते इतकं पसरलं की पूर्वी कोणी विचारत नसलेल्या माळजमिनींची खरेदी-विक्री सुरू झाली.

काम जानेवारी ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत होतं. खड्डा २० ते ४० सेंटिमीटर रुंद, १० ते २० सेंटिमीटर खोल, दोन खड्ड्यांत ७०-८० सेंटिमीटर अंतर, आणि ओळी एकमेकींना चुकवून, म्हणजे वरच्या दोन खड्ड्यांमधून सुटलेलं पाणी खालच्यात पडतं. निघालेली माती उताराच्या बाजूला चंद्रकोरीसारखी रचायची. वरच्या बाजूला टाकली तर पाणी खड्ड्यात शिरतच नाही. नवख्यांची सर्वात नेहमीची चूक हीच. प्रत्येक खड्ड्यात दोन-तीन मुठी, म्हणजे ३०० ग्रॅमच्या आसपास कुजलेलं शेणखत, वर मातीचा पातळ थर. हेक्टरी १२,००० खड्डे धरले तर साडेतीन टन खत लागतं. पहिला दमदार पाऊस झाला की त्यात ज्वारी किंवा बाजरी टोकायची.

खताच्या वासाने वाळवी येते, आणि ती यायलाच हवी. तिच्या बोगद्यांतून पाणी कडक थराखाली उतरतं. वाळवीला घाबरून औषध टाकलं तर खड्ड्याचा अर्धा उपयोग गेला.

कुठे फसतं? वाळूच्या जमिनीत: खड्डे आठवड्याभरात बुजतात. झई ही टणक, पापुद्रा धरलेल्या जमिनीसाठीच आहे. खत नसेल तर: नुसत्या खड्ड्यात पाणी साठतं, पण पीक उपाशी राहतं. फार पावसाच्या वर्षी: रोपांच्या मुळाशी पाणी तुंबून ती पिवळी पडतात. आणि मजुरीत: हेक्टरी ३०० तास किंवा त्याहून जास्त खणावं लागतं, तेही कडक उन्हात, कुदळीने. ज्या घरातले तरुण उन्हाळ्यात शहराकडे कामाला जातात तिथे हे काम उभंच राहत नाही. पोट भरायला मजुरीवर गेलेल्या माणसाला ‘तुमच्याच शेतात खड्डे खणा’ असं सांगताना तोपर्यंत त्याच्या घरी चूल कशी पेटणार याचं उत्तर द्यावं लागतं.

अर्धचंद्र बांध वेगळे का?

हो. चार मीटर व्यासाचा अर्धगोल, तोंड चढाच्या बाजूला, हेक्टरी ३०० च्या आसपास. पाणी साठवण्याचा आवाका मोठा, म्हणून कमी पावसाच्या भागात आणि कुरण परत आणायला ते जास्त वापरतात.

‘चिमूटभर खत’ म्हणजे काय?

दुकानातलं खत शेतभर फेकायला परवडत नाही, म्हणून टोकणीच्या प्रत्येक जागी तीन बोटांची चिमूट: मिश्रखत १५-१५-१५ असेल तर ६ ग्रॅम, डीएपी असेल तर २ ग्रॅम. बाजरीची टोकण मीटरभर अंतरावर, म्हणजे हेक्टरी १०,००० जागा. मिश्रखत ६० किलो आणि डीएपी फक्त २० किलो लागतं. मापाला शीतपेयाच्या बाटलीचं झाकण वापरतात.

खत बियाण्याला चिकटलं की अंकुर जळतो. चार-पाच सेंटिमीटर बाजूला टाकून मातीने झाकायचं. पेरणीला जमलं नाही तर उगवणीनंतर विरळणी-खुरपणीच्या वेळी दिलं तरी चालतं, आणि कोरड्या सुरुवातीच्या वर्षी तेच जास्त सुरक्षित. एक इशारा: नुसत्या चिमटीवर वर्षानुवर्षं पीक काढलं तर धान्य आणि सरमाडातून जाणारा कस परत येणाऱ्या कसापेक्षा जास्त असतो. तिला शेणखताची जोड हवीच.

शेतात झाडं ठेवली तर पिकाला सावली होत नाही का?

गाओ नावाच्या काटेरी झाडाने हा प्रश्न स्वतःच सोडवला आहे. ते पावसाळ्यात पानं गाळतं आणि उन्हाळ्यात हिरवं होतं. पिकाच्या वेळी सावली नाही, उन्हाळ्यात त्याखाली गुरं बसतात, त्याच्या शेंगा खातात आणि तिथेच शेण टाकतात. झाडाखालची बाजरी आजूबाजूच्या बाजरीपेक्षा उठून दिसते.

बाकीच्या झाडांसाठी मारादीमध्ये १९८३ पासून एक साधी पद्धत रुजली. टोनी रिनाउडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ तेव्हा तिथे रोपं लावत होते आणि ती जगत नव्हती. शेतात दरवर्षी छाटली जाणारी झुडपं म्हणजे तोडलेल्या झाडांचे जिवंत बुंधे आहेत, हे त्यांनी ओळखलं. बुंध्याला फुटलेल्या धुमाऱ्यांपैकी सरळ, जोमदार तीन ते पाच ठेवायचे, बाकीचे कापायचे. ठेवलेल्यांच्या बाजूच्या फांद्या खालच्या अर्ध्या उंचीपर्यंत धारदार कोयत्याने साफ करायच्या, साल न फाडता. पुढे दरवर्षी एखादा धुमारा सरपणाला काढायचा. दक्षिण नायजरमध्ये अशी झाडं सुमारे ५० लाख हेक्टरांवर पसरल्याचं उपग्रह चित्रांवरून दिसलं. सावादोगो आणि रिनाउडो, दोघांनाही २०१८ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला.

पण कोयत्यापेक्षा हक्काचा प्रश्न मोठा होता. झाड सरकारचं मानलं जाई तोवर शेतकरी धुमारा दिसला की उपटत असे, कारण मोठं झाल्यावर ते तोडलं तर दंड. आपण राखलेलं झाड आपलं आहे असा भरवसा आल्यावरच ते राखलं गेलं.

चवळीचं काय महत्त्व?

चवळीचे दाणे माणसांना, वेल गुरांना. बाजरीनंतर दोन-तीन आठवड्यांनी पेरतात, नाहीतर ती बाजरीला दाबते. वेल पानं हिरवी असतानाच कापून सावलीत वाळवायचे. उन्हात वाळवले की पानं गळतात आणि उरतात काड्या; प्रथिनं सगळी पानांत. पेंढ्या घरांच्या माळवदावर रचून ठेवतात आणि उन्हाळ्यात चढ्या भावाने विकतात.

बकरी ईदसाठी एडके पोसणं बायकांना परवडतं का?

वेळ साधली तर हो. पोसायचा काळ साधारण तीन महिने. ३० किलोच्या एडक्याला रोज किलोभर कोरडा आहार लागतो: निम्म्याहून जास्त चवळीचे वेल, बाकी बाजरीचा कोंडा, चाटायला मीठ, आणि भरपूर पाणी. आणल्याबरोबर जंताचं औषध आणि पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथरोगाची लस. आधी वेगळा बांधा, मग बाकीच्यांत.

कोंडा स्वस्त म्हणून तोच भरला जातो. त्यात स्फुरद जास्त आणि कॅल्शियम कमी, त्यामुळे नराच्या मूत्रमार्गात खडे होतात. एडका पाठ कमानीसारखी करून कुंथतो, थेंबथेंब मुततो, आणि ईदच्या आठवडाभर आधी मरतो. त्या घराची वर्षाची बचत त्याच्याबरोबर जाते. वेल वाढवा, कोंडा कमी करा, पाणी कधी तोडू नका.

शेतकरी आणि गुराखी यांची भांडणं कशावरून?

बहुतेक वेळा तारखांवरून. पाऊस सुरू झाला की कळप उत्तरेकडे जातात. तिथलं गवत थोडं पण कसदार, जमीन खारट. सप्टेंबरच्या सुमारास नायजरच्या उत्तरेतल्या इंगाल इथे खारट कुरणांवर मोठा मेळा भरतो. तिथून कळप दक्षिणेला उतरतात. उत्तरेत पाऊस लवकर संपला आणि दक्षिणेत सुगी लांबली, की उभ्या पिकात गुरं शिरतात. त्यात जुन्या गुरवाटा नांगरल्या गेलेल्या असतात. हौसात या वाटांना बुर्ताली म्हणतात. नायजरच्या २०१० च्या पशुपालन कायद्याने गुरांच्या फिरण्याचा हक्क मान्य केला आहे, पण वाट जमिनीवर दगड रोवून आखली नाही तर कागदाला अर्थ राहत नाही. आखताना फिरते गुराखी हजर असतील असाच महिना निवडावा. पावसाळ्यात गावात सभा घेतली तर ते उत्तरेत असतात आणि वाट त्यांच्या गैरहजेरीत अरुंद होते.

अशा भागात प्रयोग करताना कुठे चुकतं?

पहिलं, पाऊस. दोन गावांत पाच-सहा किलोमीटरचं अंतर असलं तरी हंगामाचा पाऊस खूप वेगळा निघतो. शहराच्या केंद्रावरचा आकडा वापरू नका, प्रत्येक गावात पर्जन्यमापक लावा.

दुसरं, शेतातले डाग. जुनं वारूळ, मोडलेल्या झोपडीची जागा, गाओचं झाड: पाच मीटरवर पीक दुप्पट होतं. म्हणून लहान वाफ्यांचे निष्कर्ष फसवे ठरतात. वाफे मोठे घ्या, प्रत्येक शेतकऱ्याच्या शेतात आपली आणि त्याची पद्धत शेजारी-शेजारी ठेवा, आणि किमान तीन हंगाम थांबा.

तिसरं, ‘तुमची गुरं किती?’ हा प्रश्न. कळपातली अर्धी गुरं दुसऱ्यांनी राखायला दिलेली असू शकतात, शेळ्या बायकोच्या, एखादी गाय मुलाच्या नावाची. शिवाय आकडा सांगणं अशुभ आणि कराच्या दृष्टीने धोक्याचं. संध्याकाळी वाड्यावर जाऊन मोजा, आणि प्रत्येक जनावराबद्दल तीन वेगळे प्रश्न विचारा: मालक कोण, दूध कोण घेतं, विकायचं कोण ठरवतं. खत कोणाच्या शेतात पडणार हे बऱ्याचदा तिसऱ्या उत्तरावरून कळतं.

आपल्या बाजरीचा याच्याशी काही संबंध आहे का?

थेट आहे. बाजरी मूळची पश्चिम आफ्रिकेची. माणसाने लावलेल्या बाजरीचे सर्वात जुने पुरावे मालीतले, साधारण ४,५०० वर्षांपूर्वीचे. अलीकडचा धागाही आहे: टोगोच्या उत्तर भागातल्या ठसठशीत दाण्याच्या स्थानिक बाजरीतून इक्रिसॅटने आयसीटीपी ८२०३ हे वाण निवडलं. ते १९८८ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झालं आणि इथल्या शेतकऱ्यांनी उचलून धरलं. त्याच वाणातून पुढे लोहाचं प्रमाण जास्त असलेली धनशक्ती निवडली गेली, जी महाराष्ट्रात २०१२ मध्ये आली.

चवळीला भुंगा लागतो, साठवायची कशी?

तीन थरांच्या पिशवीत: आत दोन जाड प्लास्टिकच्या, बाहेर विणलेलं पोतं. या पिशवीची कल्पना १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये आकाराला आली. चवळी खडखडीत वाळवा, आतल्या पिशवीत दाबून भरा, हवा काढून तोंड पिळून दुमडून घट्ट बांधा. मग दुसरी, मग पोतं, प्रत्येकीचं तोंड वेगळं बांधा. आत राहिलेला भुंगा उरलेला प्राणवायू संपवतो आणि त्याची खाण्या-वाढण्याची क्रिया थांबते. औषध लागत नाही. ओली चवळी भरली तर बुरशी येते. पिशवी सारखी उघडली तर हवा आत जाते, म्हणून खायची वेगळी ठेवा. भरण्याआधी आतल्या पिशवीत हवा भरून, गच्च धरून, गालाशी नेऊन दाबा. बारीक भोक असेल तर हवेची झुळूक लागते.